मणक्यात इंजेक्शन घेऊन घरी आल्यावर: पहिल्या रात्रीपासून पहिल्या फवारणीपर्यंत

कंबर आणि पायाच्या दुखण्यावर मणक्यात जे इंजेक्शन देतात, त्यात बहुतेक वेळा दोन औषधं एकत्र असतात आणि दोघांचं वेळापत्रक वेगळं असतं. पहिलं बधिर करणारं, लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन. ते काही मिनिटांत चढतं आणि काही तासांत उतरतं. दुसरं स्टेरॉइड: ट्रायअ‍ॅम्सिनोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन. ते दबलेल्या नसेभोवतीची सूज उतरवतं, पण त्याचा गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, काहींना आठवडा, क्वचित दोन आठवडे.

घरी होणारे निम्मे घोटाळे हे दोन हिशेब वेगळे न ठेवल्यामुळे होतात. पहिल्या संध्याकाळी कंबर हलकी वाटते, म्हणून माणूस उठून गोठ्यात कडब्याची पेंढी उचलतो. दुसऱ्या दिवशी दुखणं उसळतं, तेव्हा घरचे म्हणतात, "गेली सुई वाया." संध्याकाळचा आराम बधिरीचा होता आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं सुईचं. खरं औषध अजून कामाला लागायचंय.

मणक्यांमधली सरकलेली गादी (डिस्क) या इंजेक्शनने जागेवर बसत नाही, हेही आधीच समजून घ्यावं. इंजेक्शन सूज उतरवून काही आठवड्यांची, कधी काही महिन्यांची सवड देतं. त्या सवडीत पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट केले तर फायदा टिकतो. राहिलेली शेतीची कामं उरकण्यात ती घालवली तर दुखणं परत दारात उभं राहतं.

दवाखान्यातून निघताना

डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी लिहिल्यात का ते बघून घ्या: औषधाचं नाव आणि मात्रा, मणक्याची पातळी (एल४-एल५, एल५-एस१ अशी), कोणत्या बाजूला दिलं, आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर. कार्डाचा फोटो सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्येही ठेवा. कधी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर हाच कागद कामाला येतो.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या (क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, अ‍ॅस्पिरिन वगैरे) इंजेक्शनआधी बंद केल्या असतील, तर त्या पुन्हा कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू करायच्या हे तोंडी ऐकून भागवू नका, लिहून घ्या. लवकर सुरू केल्या तर मणक्यात रक्त साचायची भीती, आणि घ्यायच्या राहून गेल्या तर हृदयाला नाहीतर मेंदूला धोका.

किनवटहून नांदेडला, सेलूहून परभणीला, अहमदपूरहून लातूरला येणाऱ्यांसाठी परतीचा रस्ता हाही उपचाराचाच भाग आहे. त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही. गुंगीचं औषध दिलं असेल तर पुरते २४ तास गाडी नाही, आणि सही-अंगठ्याचे व्यवहारही नाहीत. मोटारसायकलवर मागे बसूनही जाऊ नका. पाय सुन्न असताना फुटरेस्टवरून कधी घसरला ते कळत नाही. जीप किंवा कार असेल तर पुढची सीट थोडी मागे झुकवून, कंबरेमागे घडी केलेला टॉवेल ठेवून बसा. एसटीने जायचं तर मागच्या चाकावरची आणि शेवटची बाकं सोडा, खड्ड्याचा सगळा दणका तिथेच बसतो. प्रवास लांबचा असेल तर तासाभराने उतरून दोन मिनिटं उभं राहा. शहरात पाहुण्यांकडे एक रात्र मुक्काम होत असेल तर तेच उत्तम. काही बिघडलं तर ते पहिल्या रात्रीत कळून येण्याची शक्यता बरीच असते, आणि दवाखाना जवळ असतो.

पहिली रात्र

पायात जडपणा, मुंग्या, गुडघा अचानक वाकणं हे काही तास चालतं. या वेळात मणक्यापेक्षा पडण्याचा धोका मोठा. संध्याकाळीच घर एकदा नजरेखालून घाला: उंबरा, न्हाणीची ओली फरशी, अंगणातली पाण्याची पाइप, माळवदाची पायरी. रात्री लघवीला उठताना दिवा लावून, कुणाचा तरी हात धरूनच जायचं. लोडशेडिंगची वेळ माहीत असेल तर बॅटरी उशाशी ठेवा.

सुन्न पायाला ऊब द्यायची नाही. गरम पाण्याची पिशवी किंवा चुलीजवळ बसणं, दोन्ही बंद. कातडीला चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. मधुमेह्याचा असा फोड महिनोन्‌महिने भरत नाही.

इंजेक्शननंतर सहा ते आठ तासांत एकदा लघवी झाली पाहिजे. माकडहाडाच्या बाजूने इंजेक्शन दिलं असेल तर खालचा भाग बधिर राहून लघवी थोडी अडू शकते. आठ तास उलटूनही झाली नाही, किंवा पोट फुगून थेंबथेंब होतेय, तर डॉक्टरांना फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका.

झोपायला बाज नको. तिची दोरी मध्ये खोल जाते आणि कंबर रात्रभर वाकलेली राहते. लाकडी पलंग किंवा दिवाण आणि त्यावर घट्ट कापसाची गादी हवी. पाठीवर झोपलात तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांच्या मध्ये. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी अख्खं अंग एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, आणि खालच्या हाताच्या कोपराने व वरच्या हाताच्या तळव्याने रेटा देत बसते व्हा. अर्धा मिनिट बसून मगच उभं राहा. जमिनीवर अंथरूण घालायची सवय असेल तर निदान पहिला आठवडा ती मोडा, कारण जमिनीवरून उठताना कंबरेवर जो ताण येतो तो पलंगावरून उठताना येत नाही.

सुईची जागा आणि अंघोळ

पट्टी २४ तास कोरडी ठेवा, मग काढून टाका. जखम म्हणजे सुईचं एक टोक, तिला मलम लागत नाही. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी तांब्याने घेऊन, स्टुलावर बसून अंघोळ करा. खाली उकिडवं बसून नको. साबण जागेवर घासायचा नाही, पाणी वाहू द्यायचं आणि स्वच्छ पंच्याने टिपून घ्यायचं. विहीर, तळं, कॅनॉल, गोदावरीतली बुडी हे निदान तीन दिवस बंद, कारण साचलेल्या किंवा वाहत्या गढूळ पाण्यातले जंतू सुईच्या वाटेने आत जाऊ शकतात.

जागा ठणकत असेल तर पहिले दोन दिवस बर्फ: प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ, त्यावर सुती फडकं, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर नको. गरम शेक, तेल चोळणं, बाम आणि मालिश हे सगळं या दोन दिवसांत बंद. त्यानंतर कडक झालेल्या स्नायूंना हलका शेक चालतो, तोही सुईची जागा सोडून.

दुसरा-तिसरा दिवस: दुखणं वाढलं तर

बधिरी उतरलेली आणि स्टेरॉइड अजून पुरतं लागलेलं नाही, असे हे दोन दिवस. काहींचं दुखणं आधीपेक्षाही वाढतं. ते अपेक्षित आहे आणि साधारण ४८ ते ७२ तासांत ओसरतं. चेहरा लाल आणि गरम होणं, रात्री झोप न लागणं, उचकी, तोंडाला कडवटपणा, छातीत जळजळ, चिडचिड ही स्टेरॉइडची लक्षणं आहेत. दोन-चार दिवसांत जातात. बायकांची पाळी मागेपुढे होऊ शकते. पाळी कायमची गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर मात्र ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

दुखण्यावर पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल तर विचारल्याशिवाय तेवढीही नको. खरी गडबड होते ती मेडिकलवरून "कंबरेची गोळी द्या" म्हणून आणलेल्या पाकिटाने. त्यात अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅकसोबत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली की मात्रा दुप्पट होते, आणि स्टेरॉइडच्या जोडीला ही औषधं पोटाचं अस्तर सोलतात, किडनीवरही भार टाकतात. पाकिटामागचं बारीक अक्षर घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. आणि कुणी "खात्रीचं" म्हणून दिलेली बिननावाची पुडी तर मुळीच नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं, आणि तुमच्या अंगात ते आत्ताच भरपूर गेलेलं आहे.

ट्रॅमाडॉल दिलं असेल तर पोट घट्ट होतं. कुंथलं की मणक्यातला दाब वाढतो आणि कळ थेट पायात जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी भरपूर, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, आणि रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात. शिंक किंवा खोकला आला की एक हात भिंतीला, गुडघे थोडे वाकवून, पाठ सरळ ठेवायची.

साखर असलेल्यांसाठी

हा भाग मधुमेह असलेल्या प्रत्येक घराने दोनदा वाचावा. मणक्यात दिलेलं स्टेरॉइड रक्तातही उतरतं आणि साखर वाढवतं. वाढ बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होते आणि आठवडाभर राहू शकते. ग्लुकोमीटर घरी नसेल तर इंजेक्शनच्या आधीच आणून ठेवा आणि पट्ट्यांची मुदत तपासा. सात दिवस रोज निदान दोनदा मोजा: सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्री झोपतानाही. स्टेरॉइडने वाढलेली साखर जेवणानंतर जास्त चढते, म्हणून नुसती सकाळची बघून निर्धास्त होऊ नका. ३०० च्या वर दोनदा आली, किंवा घसा कोरडा पडून सारखी लघवी होतेय, उलटी होतेय, गुंगी येतेय, तर लगेच फोन. इन्सुलिनचे युनिट स्वतःच्या मनाने वाढवू नका. स्टेरॉइड उतरलं की तेच वाढवलेले युनिट साखर एकदम खाली आणतात.

उपवासाचं वेगळं सांगावं लागतं. एकादशी किंवा नवरात्र याच आठवड्यात आलं तर साबुदाणा, भगर, रताळं हे सगळं साखर चढवणारं आहे, आणि उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्या पोट जाळतात. या वेळी उपवास घरातल्या दुसऱ्या कुणी धरला तर बरं.

बसणं, स्वयंपाक, संडास

मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून भाकरी थापणं, भांडी घासणं आणि भारतीय पद्धतीचा संडास, या चारही वेळी कंबर पुढे वाकते आणि गादीवरचा दाब वाढतो. पहिले आठ-दहा दिवस जेवण खुर्चीवर, परात ओट्यावर किंवा कमरेएवढ्या टेबलावर. संडासावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकल दुकानात मिळते. ती घेणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या भक्कम खुर्चीचा मधला भाग कापून काम भागतं, फक्त कडा घासून गुळगुळीत करा आणि खुर्ची हलत नाही ना ते आधी बघा.

पाणी हा मराठवाड्यातल्या बाईच्या कंबरेचा कायमचा शत्रू. टँकर आला की हंडे भरायची घाई होते आणि विश्रांतीचा सल्ला तिथेच संपतो. भरलेला हंडा १५ किलोच्या पुढेच जातो, आणि तो उचलताना अंग एका बाजूला पिळलं जातं. दोन आठवडे हे काम दुसऱ्या कुणाचं, हे इंजेक्शनच्या आदल्या दिवशीच घरात ठरवून टाका. सासूबाईंना किंवा जाऊबाईंना स्पष्ट सांगा: "आत्याबाई, दोन आठवडे मला पाणी उचलायचं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय." लिहून दिलेला कागद अशा वेळी फार कामाचा असतो, डॉक्टरांकडून तो मागून घ्यायला संकोच नको.

चालणं आणि व्यायाम

सलग पडून राहणं एका दिवसापुरतं ठीक. त्यापुढे पडून राहिलं की स्नायू सैल पडतात. दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात तासाला पाच मिनिटं. तिसऱ्या दिवसापासून १० मिनिटं, दिवसातून तीनदा, सपाट रस्त्यावर. आठवड्याअखेर २०-३० मिनिटं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. पायात चप्पल मागून पट्टा असलेली हवी, कारण साधी स्लिपर पकडून ठेवताना पाऊल अवघडतं. तुळजापूरला पायी जायचा नवस असेल तर आई भवानी एक वर्ष थांबेल, यंदा गाडीने जाऊन या.

व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवलेलेच, बहुतेकांना तीन-चार दिवसांनंतर. सुरुवात साधारण अशी असते: आडवं पडून पाऊल वर-खाली २० वेळा, गुडघे वाकवून पोट आत ओढून पाच आकडे मोजेपर्यंत धरणं, १० वेळा, मग त्याच अवस्थेत नितंब चार बोटं वर उचलणं, १० वेळा. व्यायामाने कंबरेत थोडं दुखलं तर चालतं. कळ नितंबातून पोटरीकडे उतरायला लागली तर तो व्यायाम तिथेच थांबवा. उलट, पोटरीतलं दुखणं मागे सरकून नुसतं कंबरेत राहिलं, तर ती बहुतेक वेळा सुधारणेची खूण असते. हा फरक ओळखता आला की अर्धी भीती जाते.

पाठीवर लाथ मारायला पायाळू माणूस बोलावणं, हाडवैदाकडून मणका "बसवून" घेणं, लेकराला पाठीवर चालवणं, हे उसण भरल्यावर गावोगाव चालतं. सरकलेल्या गादीवर असा झटका बसला तर नस कायमची दुखावू शकते. वडीलधारे आग्रह करतील. त्यांना एमआरआयचा रिपोर्ट दाखवा आणि ठाम राहा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

बधिरी उतरल्यावर सकाळी खुर्चीवर बसून दोन्ही पावलांचे अंगठे वर उचलून बघा आणि घरच्या माणसाला त्यावर बोटाने दाब द्यायला सांगा. दोन्हीकडे जोर सारखा आहे का, निदान इंजेक्शनआधी होता तेवढा आहे का, ते रोज बघा. अर्धा मिनिट लागतो.

बधिरी उतरल्यानंतर पायाची ताकद नव्याने गेली, लघवी किंवा संडास कळेनासा झाला वा अडला, जांघेत आणि बसायच्या जागेत बधिरपणा आला, किंवा पाठीतलं दुखणं तासातासाला वाढत चाललं, तर मणक्यात रक्त साचलं असण्याची किंवा नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची शक्यता असते. इथे हिशेब तासांचा असतो. १०८ ला फोन करा आणि एमआरआय व मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशाच ठिकाणी जा. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून रात्र काढू नका.

ताप १००.४ च्या वर, थंडी वाजणं, सुईच्या जागी लाली, सूज, पू, मान आखडणं ही जंतुसंसर्गाची चिन्हं. ती दोन-तीन दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही दिसतात. तेव्हा "इंजेक्शन तर केव्हाच झालं" असं म्हणून ताप टायफॉइडच्या खात्यावर टाकू नका. तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मणक्यातल्या इंजेक्शनची तारीख आधी सांगा.

डोकेदुखीची एक खूण लक्षात ठेवा: उठून बसलं की कपाळात आणि मानेत ठणका, आडवं झालं की काही मिनिटांत आराम. सुई मणक्याच्या आतल्या पडद्याला लागून पाणी पाझरलं की असं होतं. आडवं पडा, पाणी आणि चहा-कॉफी घ्या आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. बहुतेक वेळा ते आपोआप बसतं. नाही बसलं तर त्यावर उपाय आहे. डोकेदुखीसोबत ताप असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर सरळ दवाखाना.

फोनवर बोलताना घाबरून "लई दुखतंय" एवढंच सांगितलं तर पलीकडच्याला काही कळत नाही. असं सांगा: "डॉक्टरसाहेब, सोमवारी एल४-एल५ ला डाव्या बाजूने इंजेक्शन घेतलेल्या पेशंटचा मुलगा बोलतोय. काल पाय चांगला होता. आज पहाटेपासून डावं पाऊल वर उचलत नाही. शेवटची लघवी रात्री नऊला झाली. ताप नाही." एवढ्यावर डॉक्टरला निर्णय घेता येतो.

वही, दुसरी भेट आणि कामावर परतणं

पोराच्या जुन्या वहीच्या एका पानावर कंबर आणि पाय असे दोन रकाने पाडा आणि दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्या: इंजेक्शननंतरच्या पहिल्या सहा तासांत दर दोन तासांनी, पुढे दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ. पहिल्या सहा तासांचे आकडे सगळ्यात मोलाचे. तेव्हा पायाचं दुखणं जवळजवळ गेलं असेल, तर सुई योग्य नसेपाशी पोचली होती असा अंदाज बांधता येतो, मग पुढे गुण टिकला नाही तरी. त्या तासांतही काहीच फरक नसेल तर दुखणं दुसरीकडून येत असू शकतं. दोन आठवड्यांनी वही घेऊन भेटा. त्याआधी निराश होऊन दुसऱ्या शहरात जाऊन दुसरं इंजेक्शन घेऊ नका. स्टेरॉइडची साठत जाणारी मात्रा हाडं ठिसूळ करते आणि साखर बिघडवते, म्हणून वर्षातून तीन-चारच्या पुढे सहसा जात नाहीत.

दुकान किंवा कार्यालयातलं बैठं काम दोन-तीन दिवसांनी चालतं, फक्त अर्ध्या तासाने उठायचं. पहिला आठवडा पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. मोंढ्यातली पोती, युरियाची ४५ किलोची गोणी, उसाची मोळी ही कामं फिजिओथेरपिस्टने जोर तपासून हो म्हटल्याशिवाय नाहीतच. कापूस वेचताना सलग वाकून राहण्यापेक्षा दर ओळीअखेर उभं राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूच मागे झुकावं.

फवारणीचा पंप शेवटी ठेवा. १६ लिटरचा भरलेला पंप स्वतःच्या वजनासकट २० किलोच्या आसपास जातो, आणि तो जमिनीवरून झटक्याने पाठीवर घेतानाच कंबर जाते. परवानगी मिळाल्यावर पंप बैलगाडीच्या कडेवर किंवा कमरेएवढ्या कट्ट्यावर ठेवून अर्धाच भरा, पाठ करून उभे राहा, दोन्ही पट्टे एकदम खांद्यावर घ्या आणि गुडघ्यांच्या जोरावर उठा. उतरवतानाही त्याच कट्ट्यावर टेकवून उतरवा.